शिलाई मशीन बिघडलं? दुकानात न्यायच्या आधी एक चिंधी शिवा

मशीन कधीही निवांत वेळ बघून बिघडत नाही. कापड कापून झालेलं असतं, कपडा उद्या द्यायचा असतो आणि नेमकं तेव्हाच खालून दोऱ्याचं जाळं व्हायला लागतं. मग आपण टेन्शनचं, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचं, बटण फिरवतो, काही होत नाही म्हणून अजून फिरवतो, मग बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची गुंडाळी म्हणजे बॉबिन, ती जिच्यात बसते ती डबी) स्क्रू फिरवतो, मग टाक्याची लांबी बदलतो, आणि अर्ध्या तासाने आधी नक्की काय बिघडलं होतं तेच आठवत नाही. मी हे सगळं केलंय. एकदा तर अख्खं मशीन उचलून दुकानात घेऊन गेले, टायमिंगच (सुई आणि खालच्या हुकचा मेळ) गेलंय असं ठाम ठरवून, आणि तिथल्या काकांनी काय केलं, तर वरचा दोरा पूर्ण ओढून काढला, प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर केलं, दोरा परत ओवला आणि टीप मारून दाखवली. एकदम सरळ. मी गप्प.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. मशीन कुरकुर करायला लागलं की कशालाही हात लावायच्या आधी एक चिंधी शिवायची. ती चिंधी बघून बराचसा बिघाड घरीच कळतो, आणि नाही कळला तर तीच चिंधी दुकानात न्यायची, कारण मेकॅनिकला तोंडाने दहा मिनिटं समजावून सांगण्यापेक्षा ती जास्त नीट सांगते.

चिंधी कशी शिवायची

मध्यम जाडीचं सुती कापड घ्या, दुहेरी करा. वर लाल दोरा, बॉबिनमध्ये पांढरा, किंवा कुठलेही दोन वेगळे रंग, पण दोन्ही एकाच जाडीचे. दोन रंग यासाठी की कुठला दोरा कुठे डोकावतोय ते लगेच दिसतं, एकाच रंगाच्या दोऱ्यात तुम्ही डोळे फोडून घ्याल आणि तरी चुकाल. टाक्याची लांबी २.५ मिमीच्या आसपास, टेन्शन मधल्या आकड्यावर (बहुतेक मशीनवर ० ते ९ असतात, ४ किंवा ५ ठेवा), आणि वीतभर सरळ टीप मारा. कापड ओढायचं नाही, नुसता हात ठेवायचा. ही झाली पहिली चिंधी, तिच्यावर पेनाने "१" लिहा आणि बाजूला ठेवा.

आता सगळं मूळपदावर आणायचं. म्हणजे वरचा दोरा काढा, बॉबिन काढा, सुई काढा, आणि हे तिन्ही पहिल्यापासून नव्याने घाला. कंटाळवाणं वाटतं खरं, पण घरगुती मशीनच्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात, त्यामुळे हा भाग जरा सावकाश सांगते.

दोरा

वरचा दोरा ओवताना प्रेसर फूट वर पाहिजे. फूट वर असतं तेव्हा टेन्शनच्या चकत्या उघड्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट जाऊन बसतो. फूट खाली ठेवून ओवलात तर चकत्या मिटलेल्या, दोरा त्यांच्यावर नुसता टेकून राहतो आणि वरून टेन्शन शून्य. मग तुम्ही बटण ९ वर नेलं तरी फरक पडणार नाही, कारण चकत्यांमध्ये दोराच नाहीये. तपासायला सोपं आहे, ओवून झाल्यावर फूट वर ठेवून दोरा ओढा, सहज आला पाहिजे, मग फूट खाली करून ओढा, आता चांगला ताण लागला पाहिजे, सुई किंचित वाकेल इतपत. दोन्ही वेळा सारखाच सहज येत असेल तर दोरा चकत्यांच्या बाहेर आहे, किंवा चकत्यांमध्ये जुन्या दोऱ्याचा तुकडा किंवा कचरा अडकून त्या मिटत नाहीयेत. अशा वेळी फूट वर करून एका जाड दोऱ्याला गाठ मारा आणि तो चकत्यांमधून दोन-तीनदा ओढून घ्या, कचरा निघून येतो.

दुसरी जागा म्हणजे तो वर-खाली होणारा हात, टेक-अप लिव्हर. त्यातून दोरा निसटला की दोन-तीन टाक्यांतच खाली गोळा होतो आणि मशीन अडकतं. ओवताना चाक फिरवून तो हात पूर्ण वर आणायचा म्हणजे दोरा बरोबर बसतो.

आणि रीळ पण बघा हो. काही रिळांना कडेला एक खाच असते, दोऱ्याचं टोक अडकवायची, आडव्या रिळाचा दोरा फिरताना तीच खाच पकडते आणि मध्येच तुटतो. रीळ फिरवून खाच पलीकडच्या बाजूला करा. वर्षानुवर्षं डब्यात पडलेला दोरा असेल तर हातभर तोडून दोन्ही हातांनी झटका द्या, कुजलेला असेल तर सहज तुटेल, त्याने मशीन तपासूच नका.

सुई

सुईबद्दल लोक फार कंजूष असतात, मी पण होते, मोडेपर्यंत तीच. साधारण ८ तास शिवून झालं की सुई बदलावी असं सांगतात, ते रोज कोण मोजणार, पण मशीन कापडात शिरताना टप-टप आवाज करायला लागलं, किंवा पातळ कापडावर दोरे ओढले जाऊन रेघा दिसायला लागल्या, म्हणजे सुई बोथट झाली.

घरगुती मशीनच्या सुईची मूठ, म्हणजे वरचा जाड भाग, एका बाजूने चपटी असते. पाकिटावर १५×१, एचए×१ किंवा १३०/७०५ एच असं काहीतरी लिहिलेलं असतं, तिन्ही एकच. डीबी×१ लिहिलेली गोल मुठीची सुई कारखान्यातल्या मशीनची, ती घरच्या मशीनला घालू नका, बसल्यासारखी वाटली तरी. आकडे असतात ११/७५, १४/९०, १६/१०० असे, त्यातला मोठा आकडा म्हणजे सुईच्या दांडीची जाडी मिलीमीटरच्या शंभराव्या भागात, ९० म्हणजे ०.९० मिमी. पातळ कापडाला ११, साध्या सुती कापडाला १४, जीन्ससारख्या जाडाला १६. ताणलं जाणाऱ्या होजिअरी, लायक्रा वगैरे कापडाला बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच सुई, त्याला पर्याय नाही, साध्या सुईने तिथे टाके सुटणारच.

चपटी बाजू कुठे ठेवायची यात घोळ होतो, कारण हल्लीच्या मशीनना ती मागे असते आणि बऱ्याच जुन्या मशीनना बाजूला. पुस्तिका हरवली असेल तर असं बघा, सुईच्या एका अंगाला लांबलचक खोबण असते आणि पलीकडे, चपट्या बाजूच्या अंगाला, नाकाच्या (दोरा ओवायच्या भोकाच्या) वर छोटासा खड्डा असतो. दोरा खोबणीच्या बाजूने आत जातो आणि खड्ड्याच्या बाजूने खालचा हुक येऊन तो पकडतो. म्हणजे सुईच्या वरची दोरा अडकवायची शेवटची कडी ज्या बाजूला, खोबण त्या बाजूला. सुई वर टेकेपर्यंत ढकला, मग स्क्रू आवळा. एक-दोन मिमी जरी खाली राहिली तरी टाके सुटतात, आणि आपण म्हणतो मशीन बिघडलं.

बॉबिन आणि खालचा कचरा

बॉबिन मऊ, सैल किंवा एका बाजूला फुगलेली भरली असेल तर टीप कधीच एकसारखी येणार नाही. भरताना दोरा छोट्या टेन्शनच्या चकतीखालून नेलाय ना बघा. जुन्या बॉबिनवर वेगळ्या रंगाचा दोरा असतानाच त्यावर अजून गुंडाळायचं हे सगळेच करतात, करू नका. आणि बॉबिन त्याच मशीनची पाहिजे, दिसायला सारखी पण उंचीला किंचित वेगळी बॉबिन आत डुगडुगते किंवा घासते. धातूच्या जागी प्लास्टिकची किंवा उलट, हे पण मनाने बदलू नका.

वरून टाकायची बॉबिन असेल तर ठेवताना दोरा डाव्या अंगाने खाली लोंबला पाहिजे, इंग्रजी "पी" अक्षरासारखा, म्हणजे ओढल्यावर बॉबिन घड्याळाच्या उलट फिरते. समोरून घालायच्या बॉबिनची दिशा पुस्तिकेतल्या चित्रात बघून घ्या. बॉबिन केस मशीनमध्ये घालताना "टक" असा आवाज आलाच पाहिजे, नाही आला तर ती पूर्ण बसलेली नाही आणि पहिल्याच टाक्याला सुई तिच्यावर आपटणार.

हे करताना निडल प्लेट (सुईखालची धातूची पट्टी) उघडाच, विजेचं असेल तर प्लग काढून. पहिल्यांदा उघडणाऱ्यांना धक्का बसतो, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या मधल्या फटीत अक्षरशः नमद्यासारखा दाबून बसलेला कचरा असतो. ब्रशने काढा, हट्टी असेल तर चिमट्याने. तोंडाने फुंकू नका आणि हवेचा स्प्रे पण नको, कचरा अजून आत जातो आणि फुंकरीबरोबर ओलावाही. समोरून बॉबिन घालायच्या मशीनमध्ये हुकच्या दोन बाजूंना छोट्या खिट्ट्या असतात, सुई पूर्ण वर नेऊन त्या उघडल्या की कडं निघतं आणि मागचं अर्धचंद्रासारखं शटल हातात येतं. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. मी नाही काढला एकदा, आणि ते शटल परत बसवण्यात माझी अख्खी दुपार गेली.

आता चिंधी वाचूया

सगळं नव्याने घालून दुसरी चिंधी शिवा, "२" लिहा. बरी आली? झालं काम, पहिली टाकून द्या. नसेल तर दोन्ही शेजारी ठेवा आणि बघा. इथून पुढे नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत चिंधी शिवायची.

खालच्या बाजूला लाल दोऱ्याची वेटोळी दिसतायत, पांढरा दोरा सरळ रेघेसारखा पडलाय. इथे सगळे फसतात. खाली गोंधळ दिसला की आपण बॉबिनकडे धावतो, पण खालची वेटोळी म्हणजे वरचा दोरा सैल आहे. वरचं टेन्शन अर्ध्या-अर्ध्या आकड्याने वाढवा. वाढवूनही काडीचा फरक पडत नसेल तर परत तेच, दोरा चकत्यांमध्ये नाहीये.

उलटं, वरच्या बाजूला पांढरा दोरा ठिपक्यांसारखा डोकावतोय. मग वरचं टेन्शन जास्त आहे, आधी ते कमी करा. तरी नाही गेलं तर बॉबिन केसच्या पातळ पत्तीखाली बघा, तिथे दोऱ्याचा बारीकसा तंतू अडकला की पत्ती उघडी राहते आणि खालचा दोरा सैल सुटतो. पत्तीखालून कागदाचा कोपरा फिरवून काढा, सुईने उचकटू नका, पत्ती वाकते.

केस बाहेर काढता येत असेल तर तिचा ताण हातानेच बघता येतो. भरलेली केस दोऱ्याने लटकवा. आपोआप सरसर खाली आली तर सैल, हलका झटका दिल्यावर ३-५ सेमी घसरून थांबली तर ठीक, झटक्यालाही हलली नाही तर घट्ट. पत्तीवरचा ताणाचा स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी स्क्रूच्या खाचेची दिशा फोटोत घ्या आणि एका वेळी घड्याळाच्या पाच-दहा मिनिटांएवढाच फिरवा. पत्ती धरून ठेवणारा दुसरा छोटा स्क्रू असतो त्याला अजिबात हात लावू नका, आणि हे सगळं एखाद्या ताटात करा, कारण तो स्क्रू जमिनीवर पडला की सापडत नाही, कधीच नाही.

टाके सुटतायत, म्हणजे मध्येच एक लांब टाका दिसतो. आधी सुई, मग सुई आणि मग पुन्हा सुई. बोथट, वाकडी, उलटी, चुकीच्या प्रकारची, खाली राहिलेली. सपाट काचेवर सुईची चपटी बाजू ठेवून आडवी धरून बघा, सुई आणि काच यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. पाचेक प्रकारांनी सुई तपासून झाली आणि तरी सुटतायत, तर टायमिंगचा संशय घ्या, ते पुढे सांगते.

दोरा तुटतोय आणि तुटलेलं टोक पिंजल्यासारखं दिसतंय, तर कुठेतरी धार लागतेय. बऱ्याचदा निडल प्लेटच्या भोकाच्या कडेला, सुई आपटून तिथे खरखरीत ओरखडा उठलेला असतो. जुन्या पायमोज्याचं पातळ कापड किंवा कापसाचा बोळा भोकाच्या कडेने फिरवा, अडकला की जागा सापडली. प्लेट काढून अगदी बारीक पॉलिश पेपरने घासता येते. हुकच्या टोकावर ओरखडा असेल तर मात्र ते काम मेकॅनिकला द्या. टोक पिंजलेलं नसून कापल्यासारखं स्वच्छ तुटलेलं असेल तर टेन्शन फार आहे किंवा दोरा कुठेतरी अडकतोय.

कापड पुढेच सरकत नाही, एकाच जागी टाके पडतायत. टाक्याची लांबी ० वर गेलीय का, दाते खाली पाडायचा खटका दाबला गेलाय का, प्रेसर फूटचा दाब सैल झालाय का, आणि दातांत कचरा भरलाय का. या क्रमाने.

सुई मोडत असेल तर पहिलं कारण आपलाच हात, कापड मागून ओढायची सवय. दुसरं म्हणजे सरळ टिपेचं अरुंद फूट लावून झिगझॅग चालू करणं, सुई सरळ फूटवर आपटते. मोडल्यावर सगळे तुकडे शोधून जुळवून बघा, टोकाचा तुकडा हुकमध्ये राहिला तर पुढचं नुकसान मोठं होतं.

अडकलं किंवा जड झालं

अडकलेलं मशीन मोटरच्या जोरावर किंवा पायाच्या जोरावर सोडवायचं नाही. बंद करा, वरचा दोरा कापा, चाक हाताने हलकेच पुढे-मागे हलवून सुई वर आणा, कापडाखाली कात्री घालून गुंता कापा, आणि प्लेट व बॉबिन काढून राहिलेले तुकडे वेचा. एरवी चाक नेहमी आपल्याकडेच फिरवायचं, उलट फिरवून शिवायला सुरुवात केली की गुंता हमखास. आणि सुरुवातीचे दोन-तीन टाके दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा, निम्मे गुंते तिथेच टळतात.

चाक फिरतंय, मोटरही फिरतेय, पण सुई हलत नाही? बॉबिन भरताना चाकाच्या मधला मोठा गोल स्क्रू सैल केला होतात आणि आवळायचा राहिला. तो पूर्ण काढून साफ केलात तर आतली तीन कानांची वॉशर उलट-सुलट बसण्याची शक्यता असते, आवळूनही सुई हलत नसेल किंवा सैल करूनही सुटत नसेल तर ती वॉशर अर्धी फिरवून परत बसवा. हल्लीच्या बऱ्याच मशीनवर बॉबिन भरायची दांडी उजवीकडे ढकललेली राहिली तरी सुई चालत नाही.

जड फिरत असेल तर चाकाच्या मागे आणि हुकच्या कड्यात दोरा गुंडाळला गेलाय का बघा, पट्टा जास्त ताणलाय का बघा, आणि मग तेल. तेल फक्त शिलाई मशीनचं, पाण्यासारखं पातळ आणि रंगहीन. खायचं तेल नको, केसांचं नको, ते सुकून डिंकासारखं होतं आणि मग मशीन खरोखरच अडकतं. गंज सोडवायचा स्प्रे पण तेलाच्या जागी चालत नाही, तो उडून जातो. जुन्या लोखंडी मशीनला वरच्या भोकांत आणि खाली जिथे धातूवर धातू घासतो तिथे एकेक थेंब, मग मिनिटभर बिनदोऱ्याचं चालवायचं. नवीन मशीनला मात्र आधी पुस्तिका बघा, कित्येकांना घरी तेल घालायचंच नसतं किंवा फक्त हुकलाच एक थेंब असतो, आणि प्लास्टिकच्या बॉबिन केसला तर नाहीच.

विजेच्या बाबतीत मी फार शहाणपणा सांगणार नाही. जळका वास, मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या, पेडलवर पाय नसताना आपोआप चालणं, यातलं काहीही झालं की प्लग काढा आणि ते दुकानाचंच काम. स्क्रीनवाल्या मशीनने नुसतं बीप-बीप केलं तर घाबरू नका, प्रेसर फूट वर राहिलंय, काजाची पट्टी खाली ओढली नाहीये, किंवा पेडल जोडलेलं असताना स्टार्टचं बटण दाबताय, अशाच गोष्टी बहुतेक वेळा असतात. बंद करा, थोडं थांबा, परत चालू करा.

टायमिंग: बघायचं, पण हात लावायचा नाही

टायमिंग म्हणजे काय तर सुई खाली जाऊन परत वर यायला लागते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटासा फुगा होतो, आणि नेमक्या त्या क्षणी हुकचं टोक येऊन तो फुगा उचलतं. बहुतेक मशीनमध्ये सुई सगळ्यात खालच्या जागेवरून साधारण २ ते २.५ मिमी वर आली की ही भेट व्हायला पाहिजे. नवी सुई घाला, दोरा काढा, प्लेट आणि बॉबिन काढा, सरळ टाका ठेवा आणि टॉर्च मारून चाक अगदी हळू फिरवा. हुकचं टोक सुईच्या नाकाच्या जरा वरून, त्या खड्ड्याला जवळजवळ चिकटून गेलं पाहिजे. टोक पोचेपर्यंत नाकच वर निघून गेलं असेल, किंवा सुई आणि टोक यांच्यात चांगली फट दिसत असेल, तर टायमिंग किंवा अंतर खरंच हललंय. जाड शिवणीवर सुई जोरात आपटून मोडली की असं होतं. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि थांबा. ते स्क्रू सैल करणं सोपं आहे, परत जागेवर आणणं नाही.

दुकान

आधी फोन करा. तुमच्या प्रकारचं मशीन ते उघडतात का आणि पार्ट मिळतात का, एवढं विचारा. लोखंडी मशीन डोळे मिटून जुळवणारा माणूस इलेक्ट्रॉनिक बोर्डवाल्या मशीनला हात लावायला कचरतो, आणि उलटही. मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला, मधल्या मध्ये कुणी उघडलं तर वॉरंटी हातची जायची शक्यता असते.

नेताना सुई खाली करून कापडात रुतवा, फूट खाली टाका, मशीन उभंच ठेवा. पायाच्या मशीनचं फक्त डोकं न्यायचं, पट्टा काढून. सोबत पेडल, वायर, बॉबिन केस, दोन बॉबिन, तुम्ही वापरता तो दोरा आणि ज्या कापडावर त्रास होतो त्याचा तुकडा. बाकी फूटांचा डबा घरी ठेवा, तिथे हरवतो. बॉबिन केसवर बारीक खूण करा आणि मशीनच्या नंबरचा फोटो घ्या.

आणि तिथे गेल्यावर निदान सांगू नका, लक्षण सांगा. "काका, टायमिंग गेलंय" म्हटलंत की काका टायमिंग करून देतील आणि त्याचे पैसे घेतील, चूक त्यांची नाही. त्याऐवजी, "सुती कापडावर ठीक चालतं, होजिअरीवर दर पाच-सहा टाक्यांनी एक सोडतं, सुई नवीन बॉलपॉइंट घातलीय, दोरा परत ओवून बघितला, ह्या बघा चिंध्या." चिंध्यांवर पेनाने लिहिलेलं असतं, कुठली सुई, टेन्शन किती. खरा कारागीर ते हातात घेऊन उलटसुलट बघतो आणि दोन प्रश्न विचारतो. जो चिंधीकडे बघतही नाही आणि झाकण न उघडताच मोटर बदलावी लागेल म्हणतो, तिथून मी मशीन उचलून परत येते.

सर्व्हिसिंग करून देतो म्हणाले तर त्यात काय-काय येतं ते विचारा, लाजू नका. काही ठिकाणी सगळी झाकणं उघडून, साफ करून, तेल, टेन्शन, टायमिंग सगळं बघतात, काही ठिकाणी नुसता ब्लोअर मारून बाहेरून पुसतात, शब्द एकच. पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: सोबत काय दिलं, मजुरी आणि पार्टचे वेगळे अंदाज, कधी मिळणार, आणि दुरुस्तीनंतर किती दिवसांत तोच बिघाड आला तर परत बघणार. अंदाजापेक्षा जास्त खर्च निघाला तर आधी फोन करायचा आणि बदललेले जुने पार्ट परत द्यायचे, हे सुरुवातीलाच बोलून ठेवा, नंतर काढलं की वादच होतो. त्यांनी उघडून तपासलं आणि बिघाड निघालाच नाही तरी तपासणीचे पैसे द्या बाबा, वेळ त्यांचा गेलाय.

"हा पार्ट आता मिळत नाही, मशीन मलाच देऊन टाका" असं ऐकलं तर लगेच हो म्हणू नका. पार्टचं नाव लिहून घ्या आणि दुसरीकडे विचारा. जुनं लोखंडी मशीन, त्याचं अंग तडकलेलं नसेल, तर बहुतेक वेळा दुरुस्त होतं. प्लास्टिकचा गिअर तुटला असेल तर गिअर मिळणं आणि बसवल्यावर टायमिंग परत जुळवणं, दोन्हीचा खर्च धरायचा. स्वस्त मशीनचा बोर्ड गेला असेल तर हिशेब नव्या मशीनच्या किमतीशी लावा, तिथे भावनेत अडकू नका.

घ्यायला जाताना घाई नको. एकदा मी दुकानात टीप बघून खूश होऊन मशीन घरी आणलं, आणि घरी पातळ कापडावर पुन्हा वेटोळी. झालं असं की त्यांनी त्यांच्याच जाड कापडावर, त्यांच्याच दोऱ्याने दाखवलं होतं आणि टेन्शन त्यालाच जुळवलेलं. आता मी आपला दोरा आणि आपली कापडं घेऊन जाते, पातळ आणि चार पदरी जाड दोन्ही, आणि स्वतः बसून शिवते. सरळ, झिगझॅग, रिव्हर्स, एक काज, बॉबिन भरून बघायची, दिवा लागतो का बघायचं. बॉबिन केसवर आपली खूण आहे ना तेही. ती चिंधी तारीख टाकून पावतीला टाचून ठेवते, पंधरा दिवसांनी परत जायची वेळ आली तर तीच दाखवता येते.

घरी आणल्यावर पहिले चार-पाच हात मात्र टाकाऊ कापडावरच शिवा. सर्व्हिसिंग करून आलेल्या मशीनचं जास्तीचं तेल सुईच्या दांडीवरून हळूहळू उतरत राहतं, आणि त्याचा पहिला डाग नेमका पांढऱ्या कापडावर पडतो.